चढणीचा मासा आणि गोदावरीची दारं

सॅल्मन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एकच दृश्य आठवतं. टीव्हीवरचा धबधबा, त्यातून वर उड्या मारणारे मासे आणि वरच्या कातळावर तोंड उघडून उभं असलेलं अस्वल. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर चिनूक जातीचा जो सॅल्मन वसंत ऋतूतच समुद्र सोडून नदीत शिरतो, त्याला तिथले लोक 'स्प्रिंग सॅल्मन' म्हणतात. अंडी घालायची ती उन्हाळा सरताना किंवा शरदात, पण हे महाराज काही महिने आधीच निघतात. नदीत शिरल्यावर खाणं बंद, त्यामुळे सगळी शिदोरी अंगातल्या चरबीत भरून घेतलेली असते. म्हणून तो सगळ्यात चविष्ट आणि म्हणून सगळ्यांचा डोळाही त्याच्यावरच.

आता जालना जिल्ह्याचा आणि याचा काय संबंध? जालना म्हटलं की मोसंबी, बियाणं, स्टील आणि दुष्काळ. समुद्र तर पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडून आणि पूर्वेकडून अख्खं दख्खन ओलांडून. इथे सॅल्मन नव्हता, नाही आणि होणारही नाही. पण 'ठरलेल्या ऋतूत नदी चढणारा मासा आणि त्याची वाट बघणारी माणसं' ही गोष्ट मात्र इथेही होती. आपल्या भाषेत तर त्याला स्वतंत्र नाव आहे: चढणीचा मासा. कोकणात याच प्रकाराला वलगण म्हणतात आणि त्यावर तिकडे भरपूर लिहिलंही गेलंय. मराठवाड्यातल्या चढणीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून या शनिवारी हा विषय.

आधी थोडं तंत्र समजून घेऊ. मृगाचे किंवा आर्द्राचे पहिले जोरदार पाऊस पडले की नदीला गढूळ पाणी येतं. पातळी वाढते, पाणी गार होतं, प्रवाहाला ओढ लागते. माशासाठी हा सिग्नल असतो. आपल्या नद्यांतले कितीतरी मासे या सिग्नलवर प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात, ओढ्या-नाल्यांत आणि काठच्या उथळ पाण्यात शिरतात आणि तिथे अंडी घालतात. कार्प जातीच्या मोठ्या मादीच्या पोटात अंड्यांची संख्या लाखांच्या घरात असते आणि ती अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. उथळ, गढूळ पाण्यात पिल्लांना खायला मिळतं, लपायला जागा मिळते. पूर ओसरला की मोठे आणि छोटे सगळे परत डोहात. चिनूक अंडी घालून मरतो, आपला मासा परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. एवढा फरक सोडला तर दोघांची गरज सारखीच आहे: वेळेवर येणारं पाणी आणि मोकळी वाट.

जालना जिल्ह्याचा नकाशा माशाच्या नजरेने बघा. दक्षिण सीमेवर गोदावरी, पलीकडे बीड जिल्हा. अंबड तालुक्यातलं शहागड, मग घनसावंगी, परतूर असा तिचा काठ. जिल्ह्याच्या मधून दुधना वाहते, उत्तरेकडे भोकरदन-जाफराबादच्या बाजूला पूर्णा, गिरजा, केळणा. दुधना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला. म्हणजे कागदावर तरी गोदावरीच्या एखाद्या डोहातून निघालेला मासा पूर्णेच्या तोंडातून आत शिरून पार भोकरदनपर्यंत जाऊ शकतो. कागदावर!

नदीतल्या माशाकडे इथल्या माणसांचं लक्ष किती जुनं आहे याचा एक भक्कम पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण) याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, काय ऐकावं, कसं खेळावं, सगळं त्यात आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे, म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. माशांचे प्रकार, समुद्रातले कोणते नि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते नि बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय चारायचं, दोरी-काठी कशी असावी, असा सगळा तपशील. सुंदरलाल होरा या भारतातल्या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला होता. राजाने हे सगळं एकट्याने नदीकाठी बसून शोधून काढलं असेल असं मला वाटत नाही. ही माहिती नदीवर रोज उतरणाऱ्या माणसांची होती, राजाने ती लिहून घेतली.

पुढचा मोठा टप्पा एकदम सातशे वर्षांनी. पेशवाई बुडाल्यावर 1824 मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायच्या कामावर नेमलं. या माणसाने शेती-महसुलाच्या आकड्यांबरोबर पक्षी आणि मासेही गोळा केले. 1839 मध्ये त्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली आणि नावं देताना एक छान गोष्ट केली. काठावरचे लोक जे नाव सांगत तेच त्याने लॅटिन नावाला जोडून टाकलं. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महासीर झाला 'खुद्री'. कुणी झाला 'कोलस', कुणी 'शिंगटी', तर तोंडाच्या वर शिंगासारखा उंचवटा असलेला एक झाला 'नुक्ता'. ही नावं आजही जगभरच्या शास्त्रीय याद्यांत आहेत. टोर खुद्री हे नाव लंडनच्या संग्रहालयातही तेच आणि टोकियोतही तेच. पुण्याजवळच्या कुण्या मासेमाराच्या तोंडचा शब्द दोनशे वर्षं टिकला, कारण कुणीतरी तो विचारला आणि लिहिला.

जालन्याच्या वाट्याला असा साइक्स आला नाही. साइक्स फिरला तो इंग्रजांच्या मुलखात, भीमेच्या खोऱ्यात. जालना निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात, मग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला. सरकारं बदलत राहिली. गोदाकाठचा भोई मात्र जाळं घेऊन नदीवरच होता. भोई म्हणजे पालखी वाहणारा आणि मासे धरणारा. कोणत्या डोहात कोणता मासा, पहिल्या पुरात कोणता ओढा आधी चढतो, हे ज्ञान त्याच्याकडे होतं. पण ते बापाकडून मुलाकडे जाणारं ज्ञान. बॅकअप नसलेला डेटा म्हणा ना.

दरम्यान नदीच्या दुसऱ्या टोकाला भिंत उभी राहिली होती. आंध्रात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटनने 1847 ते 1852 या काळात गोदावरीवर बंधारा बांधला. दुष्काळाने पिचलेला डेल्टा त्या पाण्याने हिरवा झाला, तिथले लोक आजही कॉटनला देवासारखा मानतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण समुद्रातून गोदावरीत चढणारा एक मासा आहे, हिलसा. तेलुगूत पुलसा. हा आपल्याकडचा सॅल्मनचा खरा भाऊ, समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात नदीत चढून अंडी घालतो. त्याची वाट त्या बंधाऱ्याशी अडली. आजही पावसाळ्यात पुलसासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात, आणि तो पकडला जातो तो धवळेश्वरमच्या खालच्या पट्ट्यात. गंगेवर हेच 1975 मध्ये फराक्का बंधाऱ्याने झालं. त्याआधी हिलसा अलाहाबादपर्यंत (आताचं प्रयागराज) जात असे.

इंग्रजांना हे कळलं नव्हतं असं नाही. फ्रान्सिस डे हा मूळचा डॉक्टर, पुढे भारतातल्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक. त्याने 1873 मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांवर मोठा अहवाल लिहिला. बंधारे माशांच्या चढणीला अडवतात आणि त्यांच्या पायथ्याशी अडकलेला मासा लोक सरसकट उपसतात, ही अडचण त्याने तेव्हाच मांडली होती. शेवटी 1897 मध्ये कायदा झाला. त्यात सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला बंदी आली. मासेमाराच्या हातातली दारू कायद्याला दिसली, इंजिनिअरच्या भिंतीचा प्रश्न तसाच राहिला.

आता आपल्या भिंतीकडे येऊ. पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 18 ऑक्टोबर 1965 ला झाली आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते 24 फेब्रुवारी 1976 ला. सुमारे 10 किलोमीटर लांब, सुमारे 41 मीटर उंच, 27 दारं. संत एकनाथांच्या नावाने जलाशयाचं नाव नाथसागर. आणि हे स्पष्ट सांगतो, जायकवाडीला शिव्या द्यायला हा लेख लिहीत नाहीये. या धरणाचा डावा कालवा जालन्यातूनच पुढे परभणीकडे जातो. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळताना ज्यांनी पाहिल्या, जालना शहरात टँकरच्या रांगेत जे उभे राहिले, त्यांच्यासमोर कुणी धरण नको म्हणून दाखवावं. आज शहराला जायकवाडीचं पाणी येतं.

पण धरण नदीचं नक्की काय करतं ते मात्र समजून घ्यायला हवं. अडथळा फक्त उंचीचा नाही. धरण नदीचं कॅलेंडर बदलतं. उन्हाळ्यानंतर रिकामं झालेलं धरण पहिला पूर गिळून टाकतं. दारं उघडतात ती धरण भरत आल्यावर, सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आणि भरलंच नाही तर त्या वर्षी उघडतच नाहीत. भरलं तर कधी एकदम एवढं पाणी सुटतं की 2006 च्या ऑगस्टसारखं पैठण पाण्यात जातं. म्हणजे शहागडच्या खालच्या माशाला मृगाचा सिग्नल वरून मिळतच नाही. स्थानिक ओढ्यांचं जे काय येईल ते. कधी सिग्नल उशिरा, कधी नाहीच, कधी महापूर.

उत्तरेच्या वाटेचीही तीच कथा. पूर्णेवर जिंतूरजवळ येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झालं, त्याच्या खाली सिद्धेश्वर. दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना. मघाशी जी कागदावरची वाट सांगितली ती इथे संपते.

या सगळ्यात 1957 हे साल मला फार विलक्षण वाटतं. त्या वर्षी 10 मार्चला अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या डॅलस धरणाची दारं बंद झाली आणि काही तासांत सेलायलो धबधबा पाण्याखाली गेला. हजारो वर्षं तिथले मूळनिवासी लाकडी मचाणांवर उभं राहून चढणारा सॅल्मन जाळ्याने उचलत होते. ते एका दिवसात थांबलं. आणि बरोबर चार महिन्यांनी, 10 जुलै 1957 ला, ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांना पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा विणत नाहीत, त्यांना पूर लागतो. आता पुराची गरज उरली नाही, सुई पुरली. 10 जुलै हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो तो यासाठीच. एकीकडे चढणीची जागा बुडाली आणि दुसरीकडे चढणीशिवाय मासा जन्माला घालायची युक्ती सापडली. एकाच वर्षात!

या युक्तीनेच आपली धरणं माशांनी भरली. आज बाजारात स्वस्त मिळणारा रोहू, कटला, मृगळ बहुतेक हॅचरीतून आलेला असतो. पैठणलाही मत्स्यबीज केंद्र आहे. हजारो कुटुंबांच्या ताटात प्रथिनं आली ती यामुळे, हे नाकारता येत नाही. पण हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यात आफ्रिकेतून आलेली तिलापिया, आपल्याकडे जिला सगळे चिलापी म्हणतात, ती बिनबोलावता सगळीकडे पसरली. मरळ, वाम, शिंगटा, खवल्या या जुन्या मंडळींना स्वतःच्याच नदीत भाडेकरूसारखं राहायची वेळ आली.

माणसांचंही तेच झालं. वाहत्या नदीत कोणत्या डोहावर कुणी जाळं टाकायचं हे गावात ठरलेलं असे. जलाशयात मासेमारीचा ठेका असतो. त्याला सोसायटी लागते, रक्कम भरावी लागते, बीज सोडावं लागतं. ज्या भोयाच्या सोसायटीला ठेका मिळाला तो टिकला. ज्याला नाही मिळाला तो ऊसतोडीला किंवा शहरात. अमेरिकेत मूळनिवासींच्या हातात 1854-55 चे लेखी करार होते. त्या जोरावर 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागातला निम्मा सॅल्मन धरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. आपल्या भोयाकडे कोर्टात दाखवायला कसलाच कागद नव्हता. हक्क होता, पण तो रिवाजात.

'मग हॅचरीत आपलेच मासे वाढवून नदीत सोडा की' असं कुणी म्हणेल. तेही करून झालंय. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास केली आणि देशभर पिल्लं पाठवली. काम मोठं, हेतू चांगला. पण तोच टोर खुद्री कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा पाठीवर कुबड असलेला महासीर मागे हटला. 2018 मध्ये त्या मूळच्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका नदीचा पॅच दुसऱ्या नदीवर चालवला की काय होतं त्याचं हे उदाहरण.

म्हणजे मासा हवा असेल तर शेवटी नदीकडेच यावं लागतं. आणि इथे जालन्याला एक संधी आहे असं मला मनापासून वाटतं.

जायकवाडीच्या खाली गोदावरीवर गेल्या काही दशकांत उच्च पातळी बंधाऱ्यांची माळ बांधली गेली. आपेगाव, हिरडपुरी, मग घनसावंगी तालुक्यातले जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, थोडं खाली लोणी सावंगी, पुढे ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल अशी ती नांदेडपर्यंत जाते. धरणात आणि या बंधाऱ्यांत मोठा फरक आहे. 41 मीटरच्या भिंतीवरून मासा चढत नाही. पण बंधाऱ्याची दारं पूर्ण वर असतील आणि खालचं पाणी फुगून वरच्या पाण्याला भिडलं असेल तर तिथून नदी जवळपास पूर्वीसारखी वाहते. प्रश्न उरतो तो दारं कोणत्या तारखेला वर आणि कोणत्या तारखेला खाली.

तारखेवर दारं चालवता येतात याचं उदाहरण याच नदीवर आहे. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाभळी बंधारा. पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला: दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी राहतील. बरोबर 120 दिवस. त्यावर देखरेखीला समिती. हा निकाल दोन राज्यांच्या पाण्यासाठी होता, त्यात माशाचा विचार नव्हता. पण तारखा बघा! जवळजवळ सगळा चढणीचा आणि परतीचा हंगाम त्यात बसतो. जे न्यायालयाच्या आदेशाने एका बंधाऱ्यावर होतं ते पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने दहा बंधाऱ्यांवर का होऊ नये?

याहून जुनं उदाहरण लहान नद्यांवर आहे, कोल्हापुरी बंधारा. त्याच्या रचनेचा नियमच असा की पावसाळ्याआधी बर्गे काढून ठेवायचे आणि पाऊस सरता सरता बसवायचे. पूर निघून जावा, गाळ साचू नये म्हणून हे ठरवलेलं, पण मासाही त्यातून जातो. जिथे बर्गे वेळेवर निघत नाहीत तिथे गाळही साचतो आणि मासाही अडकतो. म्हणजे शेतकऱ्याचं आणि माशाचं हित इथे एकच आहे.

अडचणी आहेत. दुष्काळी जिल्ह्यात जुलैत पाणी वाहू द्या म्हणणं सोपं नाही. पाऊस कमी पडला तर दारं लवकर खाली करण्याचा दबाव येणारच आणि तो रास्तही असेल. पण मागणी सगळ्या पाण्याची नाहीये, पहिल्या एक-दोन पुरांची आहे. त्या दिवसांत बंधाऱ्यांची दारं वर ठेवायची आणि त्यांच्या पायथ्याशी बारीक आसाची नायलॉनची जाळी लावू द्यायची नाहीत. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. चढणीचा मासा धरायची मजा पूर्वी परवडत होती, कारण नदी लांब होती, जाळी थोडी होती आणि बहुतेक मासा निसटून पुढे जात होता. आता बंधाऱ्याखाली कोंडलेल्या गाभोळीच्या माद्या एका रात्रीत संपू शकतात. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि कोळी ती पाळतात. नदीवर एवढे थोडे दिवस पाळायला काय हरकत आहे? आणि त्या दिवसांचा भोयाचा बुडालेला रोजगार भरून द्यायला हवा, हे ओघानं आलंच.

नदी परत दिली तर मासा परत येतो, हे आता नुसतं स्वप्न राहिलेलं नाही. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढली, क्लॅमथवरची चार 2024 पर्यंत काढली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सॅल्मन जुन्या धरणांच्या वर दिसला. शंभरहून जास्त वर्षांनी. आपल्याला कोणतंही धरण काढायचं नाहीये. आपल्याला फक्त दारांची तारीख ठरवायची आहे.

त्यासोबत एक काम असं आहे की ज्याला सरकार लागत नाही. तुमच्यापैकी कुणाचं गाव घनसावंगी, अंबड, परतूरकडे असेल तर दिवाळीला गेल्यावर जुन्या भोई मंडळींना विचारा. गोदावरीत कोणकोणते मासे होते, त्यांची नावं काय, कोणत्या डोहाला काय म्हणायचे, पहिल्या पुरात कोणता ओढा आधी चढायचा. त्यांनी सांगितलेल्या शब्दांतच लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा. पुण्याच्या माशांची नावं साइक्समुळे राहिली. जालन्याच्या माशांची नावं ज्यांना येतात ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. बंधाऱ्याच्या तारखा बदलायला दहा वर्षंसुद्धा लागतील. यांच्याकडे तेवढा वेळ नाही.